मंगळावरील आटलेलें सरोवर

आमच्या नववीच्या वर्गांत मागील भिंतीवर एक मोठें छायाचित्र टांगलेलें आहे. त्यांत एक फुटलेली दगडी लादी दिसते. तिच्या अंगांत वाळू व बारीक गोटे घट्ट रुतून बसले असून कांहीं गोटे निखळून खालीं उताराला पडलेले आहेत. गेल्या जून महिन्यांत एका विद्यार्थ्याचे वडील फी भरण्याकरितां शाळेंत आले होते. हे गृहस्थ विहिरी खणण्याचीं कामें घेतात. आपलें शिक्षण चौथीच्या पुढें झालेलें नाहीं, असें ते स्वतःच सांगतात. मुलाची वाट पाहत ते त्या चित्रापुढें पुष्कळ वेळ उभे राहिले आणि मग आम्हांस म्हणाले, "मास्तर, हा नाला कुठल्या शिवारातला? पाणी होतं तेव्हा गुडघा-मांडीएवढं असावं."

तें चित्र मंगळ ग्रहावरील आहे. आम्हीं तसें सांगतांच ते ओशाळले. वास्तविक ओशाळण्याचें कांहींच कारण नव्हतें; कारण अमेरिकेंतील भूशास्त्रज्ञांनीं तेंच दृश्य पाहून सप्टेंबर २०१२ मध्यें जें अनुमान जाहीर केलें, तें या गृहस्थांच्या अनुमानाहून फारसें निराळें नव्हतें. जातां जातां त्यांनीं एवढेंच विचारलें, "ते पाणी गोडं होतं का खारं?" दुसऱ्या दिवशीं त्यांच्या मुलानें वर्गांत उभें राहून विचारलें कीं, "सर, तेथें माणूस कधीं गेला नाहीं आणि पाणीही आतां तेथें नाहीं. मग पाणी होतें हें पाहिलें कोणी? पुस्तकांत छापलें आहे म्हणून मान्य करावयाचें काय?"

बापाचा प्रश्न आणि मुलाचा प्रश्न हे दोन्ही आमच्या मतें उत्तम आहेत. तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत आम्हीं जें उत्तर दिलें तें आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. तें पुरें करण्याकरितां हा लेख आहे.

मंगळाच्या विषुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस, जेथें दक्षिण गोलार्धांतील उंच खडबडीत प्रदेश संपून उत्तरेकडील सखल मैदानें सुरू होतात, तेथें गेल नांवाचें एक वर्तुळाकार विवर आहे. त्याचा व्यास १५४ किलोमीटर. म्हणजे मुंबईहून पुण्यास रस्त्यानें जेवढें अंतर पडतें, जवळजवळ तेवढा. सुमारें ३५० ते ३८० कोटी वर्षांपूर्वीं एक प्रचंड अशनि तेथें आदळला आणि त्या आघातानें हें विवर एका क्षणांत खणलें गेलें. वॉल्टर फ्रेडरिक गेल हे सिडनी शहरीं बँकेंत नोकरी करणारे एक हौशी ज्योतिर्वेत्ते होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं आपल्या दुर्बिणींतून मंगळाचें निरीक्षण केलें, म्हणून त्यांचें नांव या विवरास दिलें आहे. त्या काळीं मंगळावर कालवे आहेत आणि ते तेथील रहिवाशांनीं शेतीकरितां खोदले आहेत, असें पुष्कळ शहाणीं माणसें मानीत असत. ते कालवे म्हणजे निव्वळ दृष्टिभ्रम होता. १९६५ सालीं मरिनर ४ या यानानें जवळून छायाचित्रें घेतलीं, तेव्हां कालवे नाहींत, झाडें नाहींत, नुसतीं खळग्यांनीं भरलेली उजाड जमीन दिसली आणि लोकांची मोठी निराशा झाली. पुढें १९७१-७२ सालीं मरिनर ९ यानें मंगळाभोंवतीं फिरून कोरड्या नदीपात्रांसारख्या दऱ्या दाखविल्या. कालव्यांची कल्पना खोटी ठरली, पण पाण्याचा प्रश्न पुन्हां जिवंत झाला.

आघातानें झालेलें विवर कसें असतें हें पाहावयास आपल्याला दूर जावें लागत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं आमच्या शाळेची सहल बुलढाणा जिल्ह्यांत लोणार येथें गेली होती, त्या वेळीं आपल्यापैकीं पुष्कळांनीं तें डोळ्यांनीं पाहिलें आहे. लोणारच्या विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आहे. तशीं ऐंशींहून अधिक विवरें एकापुढें एक मांडावीं तेव्हां गेलचा व्यास भरून निघेल. परंतु आकार लहान असला तरी लोणारचें महत्त्व या कामीं फार आहे. मंगळाचा पृष्ठभाग बहुतांशीं बेसाल्ट नांवाच्या काळ्या ज्वालामुखी खडकाचा आहे, आणि पृथ्वीवर बेसाल्टांत पडलेलीं व सुस्थितींत राहिलेलीं आघातविवरें अगदीं थोडीं आहेत; त्यांत लोणारची गणना होते. तें ज्वालामुखीचें मुख असावें असा पुष्कळ दिवस समज होता. आघाताच्या जबरदस्त दाबानेंच तयार होणारी विशिष्ट कांच तेथील दगडांत सांपडली व १९७३ सालीं तो वाद मिटला. सहलींत आपण ईशान्येकडील ज्या ओहोळाच्या घळींतून खालीं उतरलों, त्या ओहोळानें कड्याची माती खालीं नेऊन तळ्याच्या कांठीं पंख्याच्या आकाराचा गाळ पसरला आहे, हें आपल्याला स्मरत असेल. ही आकृति ध्यानांत ठेवावी. ती पुढें पुन्हां भेटणार आहे.

गेल विवराच्या मध्यभागीं एक पर्वत आहे. तो विवराच्या तळापासून सुमारें पांच किलोमीटर उंच आहे. आपल्या कळसूबाईच्या शिखराची समुद्रसपाटीपासूनची उंची तिप्पट केली तर जवळजवळ तेवढी होईल. त्यास रॉबर्ट शार्प या अमेरिकन भूशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ शार्प पर्वत म्हणतात. या पर्वताच्या अंगावर वहीच्या पानांसारखे थरावर थर दिसतात. आणि कक्षेंतून फिरणाऱ्या यानांनीं असें दाखविलें कीं, खालच्या थरांत चिकणमातीचीं खनिजें आहेत व वरच्या थरांत सल्फेट जातीचे क्षार आहेत. चिकणमाती होण्यास पाणी पुष्कळ लागतें, आणि क्षार मागें राहतात ते पाणी आटतांना. म्हणून हा पर्वत पायथ्यापासून वर वाचीत गेल्यास एका ग्रहाच्या ओलाव्याचा इतिहास हातीं लागेल, अशी आशा वाटली आणि यान उतरविण्याकरितां हीच जागा निवडली गेली.

तें यान म्हणजे क्युरिऑसिटी ही सहा चाकांची फिरती प्रयोगशाळा. तिचें वजन सुमारें ९०० किलोग्रॅम. क्युरिऑसिटी म्हणजे जिज्ञासा. हें नांव २००९ सालीं शाळकरी मुलांच्या निबंधस्पर्धेंतून निवडलें गेलें आणि तें सुचविणारी मुलगी कॅन्सस संस्थानांत सहावीच्या वर्गांत शिकणारी, बारा वर्षांची होती. गाडी बांधली जात असतां तिला आपली सही त्या गाडीवर करावयास मिळाली. (निबंध लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्या आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें.) २६ नोव्हेंबर २०११ रोजीं गाडी निघाली आणि ६ ऑगस्ट २०१२ रोजीं, एका तरंगत्या यंत्राखालीं दोरांनीं लोंबकळत, गेल विवराच्या तळावर अलगद उतरली. ती उतरल्याची वार्ता प्रकाशाच्या वेगानें निघूनही पृथ्वीवर पोंचावयास जवळजवळ चौदा मिनिटें लागलीं.

आतां आपल्या भिंतीवरील चित्राकडे वळूं. विवराच्या उत्तरेकडील कड्यांतून एक कोरडी दरी खालीं येते आणि तिच्या मुखाशीं गाळाचा पंखा पसरलेला आहे. लोणारला ओहोळाच्या मुखाशीं पाहिला तसाच, पण कितीतरी मोठा. गाडी या पंख्याच्या टोकाजवळ उतरली होती. पहिल्या कांहीं आठवड्यांतच तिला अशा लाद्या दिसल्या कीं ज्यांत वाळू आणि गोटे एकत्र सांधले गेले आहेत. अशा दगडास पिंडाश्म म्हणतात. त्यांतील गोटे वाळूच्या कणाएवढ्यापासून तों सुमारें चार सेंटिमीटरांपर्यंतचे होते, आणि त्यांतील पुष्कळ गोल व गुळगुळीत होते.

गोल गोट्यांत एवढें विशेष काय, असें कोणी विचारील. विशेष असें आहे. डोंगराचा कडा फुटून जो दगड पडतो त्याच्या कडा धारदार असतात. हें पाहावयाचें असेल तर रस्त्याकरितां फोडलेली खडी पाहावी आणि मग नदीकांठचा गोटा हातीं घ्यावा. दगडावर दगड आपटून, घासून, लोळून त्याच्या कडा जातात. आणि त्यास कोणीतरी मैलच्या मैल लोळवीत नेणें अवश्य असतें. वारा हें काम करूं शकेल काय? मंगळावर वारा आहे, वादळेंही होतात. परंतु तेथील हवा अत्यंत विरळ आहे. वारा वाळूचे कण उडवील, चार सेंटिमीटरांचा दगड उचलून लोळविणें त्याच्या आवाक्याबाहेरचें आहे. दरड कोसळली तर मोठे दगड खालीं येतात, पण ते असे गोल होत नाहींत व आकारवार बसतही नाहींत. राहतां राहिलें वाहतें पाणी. शास्त्रज्ञांनीं शेंकडों गोट्यांचीं मापें घेतलीं आणि एवढे गोटे लोळविण्यास प्रवाह किती खोल व किती वेगाचा असावा याचें गणित केलें. उत्तर आलें तें असें : खोली ३ ते ९० सेंटिमीटरांच्या दरम्यान आणि वेग सेकंदास २० ते ७५ सेंटिमीटर. गुडघा-मांडीएवढें पाणी, असें जें विहिरी खणणाऱ्या गृहस्थांनीं सांगितलें तें या मर्यादेंत बरोबर बसतें. त्यांनीं गणित केलें नव्हतें. परंतु गोटे आणि पाणी यांचें नातें त्यांनीं आयुष्यभर हातानें चाळलें आहे.

आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें निम्में उत्तर येथें आलें. पाणी कोणी पाहिलें नाहीं हें खरें. पण सकाळीं अंगण ओलें दिसलें तर रात्रीं पाऊस पडला, हें ज्याअर्थीं झोंपलेला मनुष्यही सांगतो, त्याअर्थीं साक्ष केवळ डोळ्यांचीच असते असें नाहीं. मात्र अंगण कोणी पाणी शिंपडल्यानेंही ओलें होतें. म्हणून शास्त्रज्ञ एका खुणेवर थांबत नाहींत. दुसरी खूण शोधतात, आणि पहिलीस खोटी पाडील अशी खूण असल्यास ती अगोदर शोधतात.

दुसरी खूण लवकरच मिळाली. पर्वतावर चढण्याची वाट नैर्ऋत्येकडे होती. तथापि गाडी आरंभीं उलट दिशेस, पूर्वेकडे सुमारें साडेचारशें मीटर नेली गेली, कारण तेथें पंख्याच्या पलीकडे एक सखल जागा होती. आमच्या मतें या सर्व प्रवासांतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. तेथें अगदीं बारीक कणांचा, चिखल घट्ट होऊन बनलेला दगड आढळला. त्यास पंकाश्म म्हणतात. फेब्रुवारी २०१३ मध्यें गाडीनें त्यांत सुमारें साडेसहा सेंटिमीटर खोल भोंक पाडलें. मंगळावरील खडकांत भोंक पाडून आंतील पूड तपासण्याचा हा पहिलाच प्रसंग. मंगळ तांबडा म्हणून प्रसिद्ध. पण ती पूड निघाली राखाडी. तांबडेपणा हा वरवरचा गंज आहे, हें त्यावरून कळलें.

ती पूड गाडीच्या पोटांतील क्ष-किरण यंत्रांत घातली असतां तिच्यांत सुमारें पांचवा हिस्सा स्मेक्टाइट जातीची चिकणमाती आढळली. हें नांव अवघड असलें तरी वस्तु आपल्या नित्य परिचयाची आहे. दक्षिणेच्या पठारावरील काळी कपाशीची जमीन बेसाल्ट झिजून झालेली आहे आणि तिच्यांतील प्रमुख चिकणमाती याच वर्गांतील आहे. पावसांत ती फुगते, पायांस मणामणानें चिकटते, आणि चैत्र-वैशाखांत आकसून तिला हात आंत जाईल एवढ्या भेगा पडतात. बेसाल्ट, पाणी आणि काळ हीं तीन एकत्र आलीं म्हणजे अशी माती होते. मंगळावरही तींच तीन एकत्र आलीं होतीं.

आतां पाणी गोडें कीं खारें? ही माती ज्या पाण्यांत झाली तें आम्लही नव्हतें व फार क्षारयुक्तही नव्हतें, असें तिच्या घटनेवरून ठरलें. शिवाय त्या दगडांत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस व गंधक हीं सजीवांस लागणारीं मूलद्रव्यें मिळालीं. मार्च २०१३ मध्यें हा निर्णय जाहीर झाला, त्या वेळीं मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ जॉन ग्रोत्झिंगर यांनीं सांगितलें कीं, आपण तेव्हां तेथें असतों तर तें पाणी पिऊं शकलों असतों. म्हणून त्या गृहस्थांस आमचें उत्तर असें : विवराच्या तळाशीं, आरंभीं, पाणी गोडें होतें. पुढें तें खारें होत गेलें. त्याची हकीकत पर्वतावर लिहिलेली आहे.

सप्टेंबर २०१४ मध्यें गाडी पर्वताच्या पायथ्याशीं पोंचली. वाटेंत तिला वालुकाश्माचे असे थर दिसले कीं जे सर्व दक्षिणेकडे, म्हणजे पर्वताच्या दिशेनें, उतरते झालेले होते. नदी स्थिर पाण्यास मिळते तेथें तिचा वेग मोडतो आणि ती वाळू टाकून देते. त्या वाळूचे थर पाण्याकडे असेच कलते बसतात. याचा अर्थ नद्या उत्तरेकडून येत होत्या आणि जेथें आज पर्वत उभा आहे तेथें तेव्हां पाणी होतें! पायथ्याशीं पोंचल्यावर तेथें खरोखरच कागदासारख्या पातळ थरांचा पंकाश्म लागला, आणि गाडी चढत गेली तरी तो कित्येक महिने संपेना. त्याची जाडी सुमारें ३०० मीटर भरली. स्तब्ध पाण्यांत बारीक गाळ निवतो तेव्हांच असे थर पडतात. एवढी जाडी एका पुरानें किंवा एका पावसाळ्यानें होत नाहीं. एकाच ठिकाणीं सरोवर वारंवार भरत राहिलें पाहिजे, आणि तें हजारों नव्हे तर लाखों वर्षें.

येथें विचारी विद्यार्थी अडेल. सरोवर तर खळग्यांत असतें. मग त्याचा गाळ पर्वताच्या रूपानें वर कसा आला? या प्रश्नावर पुष्कळ वाद झाला आहे. एक मत असें कीं, विवर गाळानें कांठोकांठ भरलें आणि नंतर वाऱ्यानें कोट्यवधि वर्षें भोंवतालचा गाळ पोखरून नेला, मध्यभाग तेवढा राहिला. दुसरें मत असें कीं, खालचा भाग सरोवराचा, परंतु वरचा भाग वाऱ्यानेंच आणून रचलेला. हा वाद तपासण्याची जी युक्ति २०१९ सालीं प्रसिद्ध झाली तिचें आम्हांस फार कौतुक वाटतें. गाडी कलती आहे कीं सरळ हें कळण्याकरितां तिच्यांत बारीक साधनें बसविलेलीं आहेत, आपल्या फोनमध्यें असतात तशा जातीचीं. तीं साधनें गुरुत्वाकर्षण मोजण्याकरितां नव्हतींच. पण त्यांच्या शेंकडों नोंदी एकत्र करून, गाडी पर्वतावर चढतांना ओढ कशी बदलते हें शास्त्रज्ञांनीं काढलें आणि त्यावरून पायाखालील खडकाची घनता काढली. ती निघाली घनमीटरास सुमारें १,६८० किलोग्रॅम. म्हणजे खडक बराच सच्छिद्र आहे. त्याच्यावर पांच किलोमीटर जाडीचें ओझें कधींकाळीं असतें, तर तो याहून पुष्कळ दडपला गेला असता. फार तर एक-दोन किलोमीटर थर त्याच्यावर होता असें दिसतें. विवर कांठोकांठ भरल्याचें मत या मोजमापानें पुष्कळ लंगडें झालें आहे. वाद मात्र अगदींच संपलेला नाहीं.

असो. पर्वत जसजसा चढावा तसतसें पाणी कमी होत गेल्याच्या खुणा वाढत जातात. २०१६ सालाच्या अखेरीस एक लादी सांपडली. तिच्यावर एक-दोन सेंटिमीटर आकाराच्या चौकटींची जाळी होती. चिखल वाळून पडलेल्या भेगांची ती जाळी. तिच्याहूनही बोलकी जाळी २०२१ सालीं वरच्या थरांत मिळाली आणि तिचें वर्णन २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. ओला चिखल प्रथमच वाळतो तेव्हां एक भेग दुसरीस काटकोनांत जाऊन मिळते. तोच चिखल पुन्हां भिजला, पुन्हां वाळला, असें अनेक वेळां झालें म्हणजे कोन बदलत जातात, तीन भेगा एका बिंदूंत सारख्या कोनानें मिळूं लागतात आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षट्कोन होतात. मंगळावरील ही जाळी षट्कोनी होती. त्यावरून तेथें ओले व कोरडे ऋतु आलटूनपालटून येत होते, एखाद्याच दुष्काळाची ही खूण नव्हे, असें अनुमान निघालें. (तळें आटल्यावर त्याच्या कांठच्या चिखलांत हा फरक आपल्यालाही पाहतां येईल, पहिल्या उन्हाच्या भेगा व चार पावसांनंतरच्या भेगा यांचें चित्र काढून ठेवावें.)

त्याच्याही वर क्षारांचा प्रदेश लागला. मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे वैद्य रेचक म्हणून देतात तें एप्सम मीठ, तेथील खडकांत मिळतें. विहीर आटत चालली म्हणजे तळाचें पाणी मचूळ होतें, हें आपल्या पालकांस सांगावयास नको. येथें पाणी संपलें असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. परंतु २०२२ सालीं अगदीं त्याच उंचीवर एका पातळ थरावर लहानलहान लाटांचे ठसे उमटलेले दिसले. ते सुमारें सहा मिलिमीटर उंच असून चार-पांच सेंटिमीटरांवर एकएक असे होते. वाऱ्यानें हालणाऱ्या उथळ पाण्याखालीं वाळूवर उठतात तसेच ते आहेत, आणि ठशांच्या मापांवरून पाण्याची खोली दोन मीटरांहून कमी ठरते. पाण्यावर बर्फाची साय असती तर वाऱ्यास लाटा उठवितां आल्या नसत्या. म्हणजे तें तळें आकाशाखालीं उघडें होतें. संपलें संपलें म्हणतां म्हणतां पाणी परत आलें होतें.

मग तें गेलें कोठें? आज मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या हिश्शाएवढाही नाहीं. तेथें भांडेंभर पाणी ओतलें तर तें कांहीं उकळून व कांहीं गोठून नाहींसें होईल. सरोवरें होतीं त्या अर्थीं हवा तेव्हां दाट असली पाहिजे. मंगळाच्या गर्भांतील चुंबकत्व फार पूर्वींच नष्ट झालें आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतानें त्याची हवा हळूहळू अवकाशांत उडवून नेली. याची साक्षही गेल विवरांतील मातीनेंच दिली. पाण्यांत साध्या हायड्रोजनाबरोबर थोडा जड हायड्रोजनही असतो. हलका लवकर निसटतो, जड मागें राहतो; त्यामुळें जड भाग जितका वाढलेला तितकें पाणी गमावलेलें. चिकणमातींत कोंडून राहिलेल्या जुन्या पाण्यांत हें प्रमाण पृथ्वीवरील समुद्राच्या सुमारें तिप्पट निघालें, आणि मंगळाच्या आजच्या हवेंत तें त्याच्याही सुमारें दुप्पट आहे. सरोवर भरलेलें असतांनाच मंगळ आपलें पुष्कळ पाणी गमावून बसला होता, आणि नंतरही गमावीत राहिला, असा याचा अर्थ होतो. हवेंतील कार्बनचा कांहीं भाग खडकांतही जिरला. वरच्या थरांतील तीन भोंकांच्या पुडींत लोहाचें कार्बोनेट शेंकडा सुमारें पांच ते दहा भरलें, असें एप्रिल २०२५ मध्यें प्रसिद्ध झालें. कक्षेंतून पाहणाऱ्या यानांस तें दिसलें नव्हतें.

तेथें कोणी सजीव होतें काय, हा प्रश्न मुलें हटकून विचारतात आणि वर्तमानपत्रें वर्षांतून दोनदां त्याचें उत्तर देऊन टाकतात. आमच्या वर्गांत अशीं कात्रणें येतात, म्हणून स्पष्ट लिहितों. गेल विवरांत जीव किंवा जीवाचा अवशेष आजवर सांपडलेला नाहीं. जें सांपडलें तें असें : २०१३ सालीं खणलेल्या एका पंकाश्माच्या पुडींत दहा, अकरा व बारा कार्बन-अणूंच्या साखळ्या असलेलीं संयुगें आढळलीं, असें मार्च २०२५ मध्यें जाहीर झालें. मंगळावर मिळालेल्या सेंद्रिय संयुगांत तीं तोंपर्यंतचीं सर्वांत मोठीं होतीं. अशीं संयुगें जीवांच्या चरबीपासून होतात. पण जीवावांचून, केवळ रासायनिक क्रियेनेंही होऊं शकतात. अंगण पावसानें ओलें झालें कीं शिंपडण्यानें, हें सांगणारी दुसरी खूण अद्याप हातीं नाहीं. तोंपर्यंत "राहण्याजोगी जागा होती" एवढेंच म्हणावें. "कोणी राहत होतें" असें म्हणूं नये. उत्तरपत्रिकेंत तसें लिहिणाऱ्याचे गुण आम्ही कापतों, याची पालकांनीं नोंद घ्यावी.

नवल करावयास लावणाऱ्या गोष्टी अजून निघतच आहेत. ३० मे २०२४ रोजीं गाडीचें चाक एका दगडावरून गेलें, दगड फुटला आणि आंत पिवळेधमक स्फटिक दिसले. तें शुद्ध गंधक होतें. गंधकाचीं संयुगें तेथें पुष्कळ आहेत, पण नुसतें गंधक मंगळावर त्यापूर्वीं कोणास आढळलें नव्हतें. तें तेथें कसें आलें याचा उलगडा झालेला नाहीं. गाडीनें पस्तीस किलोमीटरांहून अधिक मजल मारली आहे आणि तिचीं चाकें ठिकठिकाणीं फाटलीं आहेत. २०२५ सालीं ती अशा भागांत शिरली कीं जेथें खडकाच्या बारीक भिंती जाळीसारख्या उभ्या आहेत. जमिनीखालचें पाणी भेगांतून झिरपतांना त्यांत खनिजें भरून गेलीं व मऊ खडक झिजल्यावर त्याच भेगा भिंती होऊन उरल्या, असें समजतात. सरोवर आटल्यावरही खालीं झरे किती दिवस जिवंत होते, हें त्या भिंतींवरून कळण्याची आशा आहे.

हा लेख लिहून होत आला असतां तो विद्यार्थी एके दिवशीं पोत्यांत गुंडाळून एक दगड घेऊन आला. वडिलांनीं नदीकांठच्या एका विहिरीचें काम करतांना तीस फुटांवर काढलेला तो दगड. चुनखडीनें सांधलेली वाळू व गोटे. "मास्तरांना म्हणावं, चित्राखाली ठेवा," असा निरोप होता. मुलांनीं त्यांतील गोटे मोजपट्टीनें मापले. सर्वांत मोठा साडेतीन सेंटिमीटर भरला.